समुद्रातल्या पाटाचे मोजमाप



गेल्या ज्येष्ठात आडसाली लागणीच्या नोंदी घेत मी शिवारातून फिरत होतो. एका जुन्या सभासदांच्या वस्तीवर चहाला थांबलो. सऱ्या पाडून तयार होत्या, बेणेमळाही ठरलेला होता, पण आबांचा हात काही पुढे सरकत नव्हता. कारण विचारले तर म्हणाले, "साहेब, काल नातवानं मोबाइलवर बातमी दाखवली. अटलांटिक समुद्रातला कुठला मोठा प्रवाह मंदावलाय म्हणं. तो थांबला की आपला पाऊस बी गेला. मग दीड वर्षाचं पीक अंगावर घ्यावं का नको, तुम्हीच सांगा."

मी कृषी पदविका घेतलेला माणूस. हुमणी, लोकरी मावा, खोडव्याची पाचट यावर मला विचारा. अटलांटिकचे नाव भूगोलाच्या पुस्तकानंतर प्रथमच कानावर आले. आबांना म्हटले, "आठ-पंधरा दिवस द्या, वाचून सांगतो." त्यानंतर जे वाचले, समजून घेतले, ते सर्वच सभासदांच्या उपयोगाचे वाटल्याने येथे मांडत आहे. लांबचा विषय म्हणून पान उलटू नये, अशी विनंती आहे. आपण सगळे पाण्यावर जगणारे लोक आहोत, आणि ही गोष्ट पाणी मोजण्याचीच आहे.

समुद्रातला पाट म्हणजे काय?

समुद्राचे पाणी एका जागी उभे नसते. त्यात मोठमोठे प्रवाह पाटासारखे वाहत असतात, फक्त त्यांना दगडी काठ नसतात. अटलांटिक महासागरात अशी एक मोठी फेरी चालते. विषुववृत्ताकडचे उबदार आणि खारट पाणी वरच्या थरातून उत्तरेकडे जाते. ग्रीनलंड, आइसलँडच्या बाजूच्या समुद्रात ते थंड होते. थंड आणि खारट पाणी जड असते, म्हणून ते खाली बसते आणि दीड किलोमीटरहून अधिक खोलीवरून पुन्हा दक्षिणेकडे परतते. वरून जाणे आणि तळातून येणे अशी ही फेरी. शास्त्रज्ञ मंडळींनी तिला थोडक्यात 'अमॉक' असे नाव दिले आहे.

ही फेरी पाण्याबरोबर उष्णताही वाहून नेते. अटलांटिकच्या २६ अंश उत्तर अक्षांशावरून उत्तरेकडे जाणारी उष्णता सुमारे १३० कोटी मेगावॅट भरते. आपल्या कोयना प्रकल्पाची एकूण वीजक्षमता १,९६० मेगावॅट आहे. म्हणजे कोयनेसारखी सहा लाखांहून अधिक वीजघरे एकदम चालावीत, एवढी ती ऊब. पश्चिम युरोपातले हिवाळे त्या अक्षांशाच्या मानाने सौम्य राहतात, त्यात वाऱ्यांच्या जोडीने या उबेचाही वाटा आहे.

आता हा पाट मंदावला की नाही, हे सांगायचे तर आधी तो मोजला पाहिजे. खरी गोम इथेच आहे.

टपालाच्या बोटीपासून टेलिफोनच्या तारेपर्यंत

कालव्याच्या चारीचे पाणी कसे मोजतात, ते आपल्याला माहीत आहे. रुंदी घ्यायची, खोली घ्यायची, वेग घ्यायचा, गुणाकार केला की क्यूसेक निघतात. समुद्रात ना काठ ना तळ हाताला लागतो. तरी माणसाने प्रयत्न सोडला नाही.

अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन हे इंग्रज अमदानीत तिथल्या वसाहतींच्या टपालखात्याचे प्रमुख अधिकारी होते. इंग्लंडहून टपाल आणणाऱ्या बोटींना व्यापारी बोटींपेक्षा दोन-दोन आठवडे जास्त का लागतात, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी आपल्या नात्यातले नॅन्टकेट बेटावरचे दर्यावर्दी टिमथी फोल्जर यांना विचारले. ते म्हणाले, टपालाच्या बोटी समोरून येणाऱ्या प्रवाहाच्या अंगावर जातात. आमचे देवमाशांचे शिकारी हा प्रवाह ओळखून आहेत, त्यांनी सांगितलेही, पण इंग्रज कप्तान ऐकत नाहीत. त्या माहितीवरून फ्रँकलिन यांनी १७६९-७० च्या सुमारास नकाशा छापून घेतला. हाच गल्फ स्ट्रीम. आपल्याकडे कुठला ओढा कधी फुगतो हे जसे गुराख्याला आधी कळते, तसाच हा प्रकार.

पुढे मोजमापाला एकक हवे म्हणून नॉर्वेचे शास्त्रज्ञ हाराल्ड स्वेरड्रुप यांचे नाव देण्यात आले. एक स्वेरड्रुप म्हणजे सेकंदाला दहा लाख घनमीटर पाणी. आपल्या हिशेबात साडेतीन कोटी क्यूसेक! जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेमतेम एक-सव्वा स्वेरड्रुप पाणी ओततात. आणि अमेरिकेच्या फ्लोरिडाजवळच्या एकट्या सामुद्रधुनीतून सरासरी ३२ स्वेरड्रुप वाहते. दर सेकंदाला एक टीएमसीहून जास्त. कोयनेचे १०५ टीएमसीचे धरण या पाण्याने दीड मिनिटात भरेल.

हे पाणी मोजण्याची युक्ती ऐकण्यासारखी आहे. समुद्राचे पाणी खारट, म्हणून त्यातून वीज वाहते. असे पाणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहू लागले की त्यात बारीकसा विद्युत दाब तयार होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३२ साली लंडनच्या वॉटर्लू पुलावर थेम्स नदीत तारा सोडून हा दाब मोजण्याचा प्रयत्न केला होता. त्यांच्या हाती खात्रीचा आकडा लागला नाही, पण कल्पना खरी होती. फ्लोरिडा आणि बहामा बेटे यांच्यामध्ये समुद्राच्या तळाशी टेलिफोनची केबल टाकलेली होती. तिच्यातला दाब मोजून १९८२ पासून तिथल्या प्रवाहाची रोजची नोंद ठेवणे सुरू झाले. बोलण्यासाठी टाकलेली तार पाणी मोजायला कामी आली.

पाच फेऱ्यांचा निष्कर्ष

सामुद्रधुनी म्हणजे अरुंद चारी. अमॉक मोजायचा तर बहामा बेटांपासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत सहा हजार किलोमीटरहून अधिक रुंदीचा समुद्र आडवा मोजावा लागतो. पूर्वी हे काम जहाजाने होई. जागोजागी थांबायचे, तळापर्यंत उपकरण सोडून पाण्याची ऊब आणि खार मोजायची, पुढे सरकायचे. एका फेरीला कित्येक आठवडे लागत. अशा फेऱ्या १९५७, १९८१, १९९२, १९९८ आणि २००४ या सालांत झाल्या. सत्तेचाळीस वर्षांत पाच.

इंग्लंडमधील हॅरी ब्रायडन आणि सहकाऱ्यांनी या पाचही फेऱ्यांचे आकडे शेजारी मांडले आणि २००५ साली प्रसिद्ध केले. १९५७ च्या मानाने २००४ पर्यंत फेरी सुमारे ३० टक्क्यांनी मंदावली, असा त्यातून अर्थ निघत होता. जगभर बातमी झाली. युरोप गारठणार, अशी चर्चा सुरू झाली.

त्याआधीच, २००४ च्या वसंत ऋतूत, ब्रिटन आणि अमेरिका यांनी मिळून त्याच अक्षांशावर कायमची मोजणी सुरू केली होती. तिचे नाव 'रॅपिड'. तळाला जड लंगर, वर तरंगणारे गोळे आणि मध्ये ताठ उभी तार, अशा तारा समुद्रात ठेवल्या. तारेवर ठरावीक खोलीवर उपकरणे अडकवली. ती दिवसरात्र पाण्याची ऊब, खार आणि दाब टिपतात. ठरावीक मुदतीने जहाज जाते, तार वर काढते, नोंदी उतरवून घेते आणि नवी उपकरणे बसवते.

सहा हजार किलोमीटर रुंदीसाठी थोड्या तारा कशा पुरतात, हा प्रश्न मलाही पडला. उत्तर असे की पृथ्वी फिरत असल्याने उत्तर गोलार्धात वाहते पाणी उजवीकडे ढकलले जाते आणि त्या अंगाला दाब वाढतो. गल्फ स्ट्रीमच्या दोन बाजूंच्या पाणीपातळीत सुमारे एक मीटरचा फरक असतो तो यामुळेच. मग दोन टोकांच्या पाण्याचे वजन वरपासून तळापर्यंत कळले की त्यांच्या मधून एकूण किती पाणी गेले, त्याचा हिशेब निघतो. त्यात केबलचा आकडा आणि वाऱ्याने ढकललेले वरचे पाणी मिळवले की बेरीज पुरी होते.

पहिल्या वर्षाच्या नोंदी २००७ साली प्रसिद्ध झाल्या आणि सगळे चकित झाले. सरासरी प्रवाह १८.७ स्वेरड्रुप होता, पण त्या एका वर्षात तो कधी ४ पर्यंत उतरला होता, तर कधी जवळजवळ ३५ पर्यंत चढला होता! सत्तेचाळीस वर्षांत दिसलेला फरक एका वर्षाच्या चढउतारातच सामावून गेला. पुढे २०१० साली असेही दिसून आले की या प्रवाहाला ऋतुमान आहे, आणि त्या पाच फेऱ्या वेगवेगळ्या महिन्यांत झाल्या होत्या. एका वर्षी दिवाळीत विहीर मोजायची, दुसऱ्या वर्षी अक्षय तृतीयेला मोजायची आणि पाणी आटले म्हणायचे, त्यातलाच हा प्रकार झाला. आकडे खोटे नव्हते. आकडे थोडे होते. आणि विशेष म्हणजे २००७ च्या त्या शोधनिबंधावर ब्रायडन यांचेही नाव आहे. आपलाच निष्कर्ष तपासायला ते स्वतः उभे राहिले.

माझी एक चूक

हे वाचताना मला माझीच चूक आठवली. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका सभासदाच्या उसाचा टनेज अंदाज द्यायचा होता. ऊन फार होते. मी बांधावर उभा राहिलो, पाटाकडेचा ऊस पाहिला आणि एकरी ६० टन लिहून मोकळा झालो. तोडणी झाली तेव्हा एकरी ४१ टन भरले. कडेच्या उसाला उजेड आणि पाणी जास्त मिळते, आतला ऊस तसा नव्हता. माझ्या आकड्यावर विसंबून त्या सभासदाने उसनवारी केली होती. ते मला एक शब्द बोलले नाहीत, पण त्यानंतर त्यांच्या बांधावर जाताना माझी मान खाली असे. तेव्हापासून मी शेतात शिरून पाच ठिकाणी मोजल्याशिवाय आकडा लिहीत नाही. ब्रिक्स घेतानाही एका उसावर भागवत नाही.

दुसरा धडा काट्याचा. फ्लोरिडाच्या केबलवरच्या नोंदीत तिथला प्रवाह चाळीस वर्षांत हळूहळू कमी झाल्यासारखे दिसत होते. २०२४ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी बारकाईने तपासले. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्या भागात काळाच्या ओघात बदलत गेले आहे आणि त्याची दुरुस्ती हिशेबात पुरती धरलेली नव्हती. ती धरल्यावर प्रवाह जवळजवळ होता तसाच निघाला. अमॉकच्या घटीचा आकडाही त्यामुळे खाली आणावा लागला. वजनकाट्याचा शून्य हलला तर गाडी कितीही वेळा तोला, वजन चुकतच राहणार. हे सभासदांना मी वेगळे सांगायला नको.

मॉडेल म्हणजे हिशेबाची वही

बातम्यांत 'मॉडेल सांगते' असा शब्द येतो. मॉडेल म्हणजे गणितात उतरवलेला समुद्र. समुद्राचे शेतासारखे वाफे पाडायचे, आडवे आणि खोलीतही. प्रत्येक वाफ्यात पाण्याची ऊब, खार, वेग किती ते मांडायचे. मग शेजारच्या वाफ्याकडे किती पाणी गेले, किती आले, याचा हिशेब पाण्याच्या नियमांनी संगणकावर पुढे पुढे चालवायचा.

अमेरिकेचे हेन्री स्टॉमेल यांनी १९६१ साली दोनच वाफ्यांचे मॉडेल केले. एक टाकी गरम व खारट पाण्याची, दुसरी थंड व कमी खारट पाण्याची, दोन्ही वरून आणि खालून जोडलेल्या. त्यातून निघालेली गोष्ट आजही महत्त्वाची आहे. उत्तरेच्या टाकीत गोडे पाणी वाढत गेले की फेरी हळूहळू मंदावते, पण एका मर्यादेनंतर ती एकदम कोसळते. आणि गोडे पाणी थोडे कमी केले म्हणून ती पुन्हा सुरू होत नाही. सायफनच्या नळीत हवा शिरली की नळी नुसती पाण्यात बुडवून भागत नाही, तसेच. ग्रीनलंडचे बर्फ वितळून गोडे पाणी समुद्रात येत आहे, म्हणून ही काळजी पोरकट म्हणता येत नाही.

पुढे स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी १९६९ साली समुद्र आणि हवा यांचे गणित प्रथम एकत्र जोडले. मानाबे यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अडचण वाफ्याच्या आकाराची आहे. शंभर किलोमीटरचा वाफा पाडला तर त्याच्या आतले भोवरे हिशेबात येतच नाहीत. वाफा निम्म्या रुंदीचा करावा तर संगणकाचे काम सुमारे आठपट वाढते. शिवाय मॉडेलला सुरुवातीचे आकडे खरे लागतात. माती परीक्षणाचा नमुना चुकीच्या जागेचा असेल तर खताची शिफारस बरोबर कशी येणार?

म्हणून मोजणी वाढवली गेली. 'आर्गो' नावाचे तरंगते नळकांडे १९९९ पासून समुद्रात सोडू लागले. आज जगभर सुमारे चार हजार आहेत. नळकांडे एक हजार मीटर खोलीवर वाहत राहते, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून मोजत मोजत वर येते आणि उपग्रहाला आकडे कळवते. या कामात आपला देशही आहे. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था हिंदी महासागराच्या नोंदी सांभाळते.

आपल्या पावसाचे काय?

आपला पाऊस आणि समुद्र यांचे नाते जवळचे आहे. सोमालियाच्या किनाऱ्याचा प्रवाह तर मोसमी वाऱ्याबरोबर आपली दिशाच उलटी करतो. असे प्रवाह समजून घ्यायला १९६० ते १९६५ या काळात हिंदी महासागराची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली आणि १९६६ साली गोव्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत मान्सूनचा अंदाज समुद्र आणि हवा जोडलेल्या मॉडेलवर काढला जातो.

अमॉकशीही नाते आहे. अरबी समुद्राच्या तळाच्या गाळाचे थर तपासता, हजारो वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिक गारठला त्या काळात आपला मान्सूनही दुबळा झाल्याच्या खुणा सापडतात. म्हणजे नातवाने दाखवलेली बातमी अगदीच हवेतली नव्हती.

पण आज काय? हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळाने २०२१ साली सांगितले की या शतकात अमॉक मंदावेल, ही शक्यता फार मोठी आहे. २१०० पूर्वी तो एकदम कोसळणार नाही, असे त्यांना वाटते, पण तेवढ्या ठामपणे नाही. २०२३ साली डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी तो याच शतकाच्या मध्याला कोसळू शकतो असे मांडले. इतरांनी त्या पद्धतीवर हरकत घेतली. सलग मोजणी आता कुठे वीस वर्षांची झाली आहे. एवढ्या मोठ्या पाटासाठी ती लहानच आहे.

आणि एकाच आकड्यावर पाऊस ठरत नाही, हेही ध्यानात घ्यावे. पॅसिफिकमधला एल निनो आपल्या पावसाला मारक म्हणतात. २००९ साली तो आला आणि देशात पाऊस सुमारे २२ टक्के कमी पडला. पण १९९७ साली त्याहून मोठा एल निनो असून पाऊस सरासरीइतका झाला.

आबांना दिलेले उत्तर

पंधरा दिवसांनी मी वस्तीवर गेलो आणि हे सारे आबांना सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे अजून मोजत्यात, आसं म्हणा की." मी म्हटले, "होय आबा. काळजी खरी आहे, पण तिचा हिशेब दहा-वीस वर्षांचा. तुमच्या आडसालीचा हिशेब दीड वर्षाचा. तो या विहिरीवर आणि कालव्याच्या पाळ्यांवर ठरवू. विहिरीचे गेल्या पाच उन्हाळ्यांचे पाणी किती होते?"

आबा म्हणाले, "तसं कुणी मोजलंय? नजरंचा अंदाज."

सहा हजार किलोमीटरचा समुद्र मोजणारी माणसे जगात आहेत आणि आपण चाळीस हातांची विहीर मोजलेली नाही, याचे दोघांनाही हसू आले. मलाही त्यात आपला दोष दिसला. शेतकी खात्याने हे आधीच सांगायला हवे होते.

तरी सर्व सभासदांना विनंती आहे की, दर महिन्याच्या एकाच तारखेला, उपसा सुरू करण्यापूर्वी, विहिरीची पातळी मोजून वहीत लिहावी. दोरीला हाताहाताच्या अंतरावर गाठी मारल्या तरी पुरे. बोअर असल्यास मोटर किती वेळ सलग चालते ते लिहावे. पावसाचा आकडाही शेजारी टिपावा. गट ऑफिसला वही दाखवल्यास लागणीचा हंगाम आणि क्षेत्र ठरवताना त्या नोंदी आम्ही धरू. वर्षा-दोन वर्षांत फार निष्कर्ष निघणार नाहीत, पण पाचव्या वर्षी ती वही तुमच्याशी बोलू लागेल.

आबांनी पाच एकरांपैकी तीन एकरांवर ठिबक करून आडसाली लावली आणि दोन एकर पूर्वहंगामीसाठी राखून ठेवले. त्यांची गाठींची दोरी नातवाने तयार केली आहे. गेल्या महिन्याच्या एक तारखेला मी वस्तीवर होतो, तेव्हा पोरगा विहिरीच्या काठावर वाकून गाठी मोजत होता आणि आबा वहीत आकडा लिहून घेत होते.

— ऊस विकास अधिकारी